चिऊचा ओठ, चिऊची टाळू: गुहागर ते मुंबई

ज्यांच्या घरी नुकतंच ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ जन्मलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या लेकीची पहिली शस्त्रक्रिया जुलै २०२४ मध्ये झाली, दुसरी फेब्रुवारी २०२५ मध्ये. सुरुवातीला रात्र रात्र मोबाईलवर मराठीत शोधायचे, तर एक तर दवाखान्यांच्या जाहिराती सापडायच्या, नाही तर ग्रहणाच्या गोष्टी. गुहागरसारख्या ठिकाणाहून जायचं कुठे, भेटायचं कुणाला, पैसे किती हाताशी ठेवायचे, आणि तोपर्यंत बाळाला पाजायचं कसं, हे सलग कुणी सांगितलेलं मिळालं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

चिऊ (हे घरातलं नाव) १८ जानेवारी २०२४ ला चिपळूणच्या एका खासगी दवाखान्यात जन्मली. वजन २ किलो ६०० ग्रॅम. तिचं रडणं ऐकू आलं, पण तिला माझ्या कुशीत द्यायला वेळ लागला. सिस्टर आपसात हळू आवाजात बोलत होत्या. मग बालरोगतज्ज्ञ आले, त्यांनी टॉर्च लावून तिचं तोंड बघितलं आणि मला सरळ सांगितलं, "ओठ डावीकडे नाकपुडीपर्यंत दुभंगलेला आहे. हिरडी आणि टाळूही उघडी आहे. बाकी बाळ छान आहे, आणि हे दुरुस्त होतं." यातलं शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही. ते नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर रडले.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं. ओठ दिसू शकतो, पण बाळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे यावर ते असतं, आणि नुसती टाळू दुभंगलेली असेल तर बहुतेक वेळा कळतच नाही, असं पुढे समजलं.

घरी आलो आणि पहिला प्रश्न ग्रहणाचा. "गिराणात काय चिरलंस काय गो बाय?" शेजारच्या आजींनी विचारलं. सासूबाई बोलल्या नाहीत, पण त्यांच्याही मनात तेच होतं. २८ ऑक्टोबर २०२३, कोजागिरीची रात्र, त्या रात्री चंद्रग्रहण होतं आणि मी सातव्या महिन्यात होते. मला स्वतःला आठवून आठवून वेड लागायची पाळी आली होती की त्या संध्याकाळी मी विळीवर बसले होते का. मुंबईला गेल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या समोर केसपेपरच्या मागे हिशेब मांडला. ओठ जुळून येतो तो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे चिऊचा ओठ जुळायचा राहिला तो २०२३ च्या मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, कोजागिरीच्या चार महिने आधी. सासूबाईंनी त्याचा फोटो काढायला लावला. आता कुणी ग्रहण काढलं की त्याच आधी हिशेब सांगतात. जगात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ असं जन्मतं. कधी घराण्यात असतं, कधी गरोदरपणातली काही औषधं, धूम्रपान, आहारातल्या उणिवा यांचा हात असतो, आणि पुष्कळदा कुठल्याच एका कारणावर बोट ठेवता येत नाही. ज्या घरात हे वाचलं जाईल तिथे कुणी सुनेला दोष देत असेल, तर कृपा करून हा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

पहिले तीन महिने आमची लढाई फक्त दुधाची होती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. टाळू उघडी असली की बाळाला ओढून प्यायचा जोर येत नाही, कारण तोंडात पोकळी धरली जात नाही. चिऊ अंगावर तासभर लागलेली असायची, दमून झोपायची आणि पोटात जवळपास काही गेलेलं नसायचं. पंधरा दिवसांनी वजन केलं तर २ किलो ३५० ग्रॅम. तेव्हा माझ्या आईने माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं, ज्याने मला पाजलं होतं. हल्ली दवाखान्यात स्टीलचं मिळतं. दूध काढायचं, बोंडल्याने गालाच्या आत, दुभंगलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूला, थोडं थोडं सोडायचं. बाळाला आडवं कधीच धरायचं नाही, डोकं चांगलं वर ठेवून, जवळजवळ बसवल्यासारखं धरायचं. दूध नाकातून आलं तर घाबरायचं नाही, थांबायचं, पुसायचं, पुन्हा द्यायचं. या बाळांच्या पोटात हवा फार जाते, त्यामुळे मध्येमध्ये ढेकर काढायलाच हवी. आणि एक पाजणं अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका. बाळाने जेवढं कमावलं तेवढं ते पिण्याच्या दमणुकीतच खर्च होतं. हे सगळं आम्हाला एका सिस्टरने स्वतःच्या हाताने करून दाखवलं. मी एका वहीत रोजचं दूध आणि आठवड्याचं वजन लिहायला लागले. ती वही पुढे प्रत्येक डॉक्टरने मागून घेतली.

वजनाचं एवढं का, तर ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी दहाचा एक जुना नियम आहे: वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १०. आता बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ओठ करतात, पण वजन आणि रक्त बघितल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. बाळाला भूल सोसली पाहिजे.

आमच्या अंगणवाडीताईंनी नोंद केली आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक फेब्रुवारीत घरी आलं. आरबीएसके म्हणतात तो हाच. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच कोकणपट्टीतल्या पालघरमधून झाली. जन्मजात व्यंगांच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे, त्यामुळे संदर्भचिठ्ठी मिळायला काही त्रास झाला नाही. चिठ्ठी घेऊन रत्नागिरीला जिल्हा केंद्रात जायचं. आम्ही तवसाळ-जयगड जेटीने गेलो. चिपळूणवरून वळसा घालण्यापेक्षा बाळाला खाडीचा प्रवास बरा पडला. तिथे कानांची तपासणी झाली आणि हृदयाची टूडी इको सांगितली, कारण अशा काही बाळांना सोबत हृदयाचाही दोष असू शकतो. चिऊचं हृदय ठीक निघालं. तिथूनच मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागाचं नाव लिहून मिळालं, जिथे ओठ-टाळूच्या मुलांसाठी वेगळी ओपीडी भरते.

कागदपत्रांबद्दल इथेच सांगून टाकते. दवाखान्याच्या सगळ्या कागदांवर 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव असतं. जन्मदाखल्यावर नाव चढलं की ते सगळीकडे सारखं करून घ्या, नाहीतर प्रत्येक खिडकीवर 'हे बाळ तेच का' विचारतात. आम्हाला एका कार्यालयात निव्वळ यापायी दुपारभर बसवून ठेवलं. आई-वडिलांचं आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, संदर्भचिठ्ठी आणि आईसोबत बाळाचा फोटो, या सगळ्याच्या भरपूर झेरॉक्स बरोबर ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' लिहिलेलं टेबल असतं, पहिल्यांदा तिकडे जा. आमचं रुग्णालय स्माइल ट्रेन या संस्थेशीही जोडलेलं होतं. या संस्थेच्या मदतीने भारतात अनेक रुग्णालयांत ओठ-टाळूची शस्त्रक्रिया मोफत होते. आमच्या दोन्ही शस्त्रक्रिया तशाच झाल्या.

मध्येच एका नातेवाइकाने एका शहरातल्या 'स्किन, हेअर, कॉस्मेटिक' अशी पाटी असलेल्या ठिकाणी विचारून ठेवलं होतं. ४५ हजार, ओठ शिवून त्याच दिवशी घरी. नवऱ्याने फोन करून दोनच गोष्टी विचारल्या: एवढ्या लहान बाळाला भूल कोण देणार, आणि टाळूचं काय. नीट उत्तर आलं नाही. तेव्हापासून डॉक्टरचं शिक्षण काय, हे बघायची सवय आम्हाला लागली. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की डॉक्टरची नोंदणी बघता येते. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते करा.

मार्चमध्ये आम्ही पहिल्यांदा मुंबईला गेलो. मामेसासऱ्यांची लालबागला एक खोली आहे, तिचा आधार होता. सकाळी आठला केसपेपरची रांग, अकराला नंबर. प्लास्टिक सर्जरी म्हणजे नटनट्यांचं नाक सरळ करणं, एवढंच मला तोवर माहीत होतं. त्या बाकड्यावर बसून ते मत पार बदललं. माझ्या एका बाजूला स्टोव्हच्या भडक्यात मान आणि छाती भाजलेली मुलगी होती. कातडी आक्रसून तिची हनुवटी छातीला चिकटली होती, ती मोकळी करायला ती आली होती. दुसऱ्या बाजूला तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढलेले एक काका, ज्यांचा जबडा पायाच्या हाडापासून पुन्हा बांधला होता. समोर दाभोळकडचा एक खलाशी, जाळं ओढायच्या विंचमध्ये त्याची दोन बोटं गेली होती. एक वाचलं, एक नाही. त्याच्या भावाने तुटलेलं बोट थेट बर्फात टाकून आणलं होतं. हे किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी लक्षात ठेवा: तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचा, तो कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ थेट लागला तर पेशी मरतात आणि बोट जोडता येत नाही. आणि वेळ तासांत मोजायची असते.

आमची तपासणी झाली. शस्त्रक्रिया करणारे सर कमी बोलणारे होते, पण त्यांनी एक केलं जे मी विसरणार नाही. कागद घेतला, पेनाने चिऊचा ओठ काढला. वरच्या ओठाची मधली कमान, तिचं उजवं टोक कुठे आहे, डावं कुठे असायला हवं होतं आणि ते ओढलं जाऊन वर कुठे गेलं आहे, सगळं ठिपक्यांनी दाखवलं. मग बाणांनी दाखवलं की मधला भाग खाली फिरवायचा आणि बाजूचा भाग पुढे आणून त्याला जोडायचा. ही मिलार्ड नावाच्या अमेरिकन सर्जनची १९५० च्या दशकातली पद्धत, आजही बहुतेक ठिकाणी हीच किंवा तिच्यात थोडा बदल करून वापरतात. सासूबाईंनी विचारलं, "बाहेरचं काही घालायचं का ओठात?" सर म्हणाले, "काही नाही आजी. सगळं तिचंच. नुसतं जागेवर आणायचं." कातडी तर जुळवतातच, पण आतला ओठाचा स्नायू जोडणं हे खरं काम, म्हणजे हसताना आणि बोलताना ओठ सारखा हलतो.

तारीख मिळाली जूनच्या पहिल्या आठवड्यातली. एप्रिल-मे नवरा आंब्यात बुडालेला, कारण आम्ही बागा कराराने घेतो आणि त्यावरच वर्ष चालतं. मेच्या तपासणीत वजन ५ किलोच्या वर गेलं होतं, पण हिमोग्लोबिन ८.९. लोहाचे थेंब सुरू झाले. जूनमध्ये पावसाची पहिली झड आली आणि चिऊला खोकला. भूलतज्ज्ञांनी स्टेथोस्कोपने छाती तपासली आणि तारीख रद्द केली. सर्दी-खोकल्यात भूल दिली तर श्वासनलिकेला त्रास होतो, त्यामुळे हे होणारच असं धरून चाला. मला त्या दिवशी खूप राग आला होता. आता वाटतं, त्यांनी थांबवलं हे किती बरं केलं.

नवी तारीख १६ जुलैला भरती व्हायची. रविवारी १४ तारखेला रात्रीच्या गाडीचं आरक्षण होतं, आणि त्याच संध्याकाळी खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड कोसळून कोकण रेल्वे बंद पडली. चिपळूण स्टेशनवर शेकडो माणसं. आम्ही रात्र ओळखीच्यांकडे काढली आणि सोमवारी सकाळी एसटी पकडली. वाटेत वडखळपासून खड्डे. बाळाला मांडीवर धरून नऊ तास. पावसाळ्यात तारीख असेल तर निदान दोन दिवस आधी मुंबईत पोचा, एवढं मात्र आग्रहाने सांगते.

१७ ला आषाढीची सुट्टी होती, म्हणून शस्त्रक्रिया १८ ला ठरली. त्या मधल्या रात्री वॉर्डात एक निवासी डॉक्टर ड्युटीवर होते. बोलता बोलता कळलं की ते सावंतवाडीकडचे. "तुम्ही गुहागरच्या? मगे आपलीच मानसां," म्हणून हसले आणि थोडा वेळ बसले. मी त्यांना विचारलं की हे शिकायला लागतं तरी किती. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. मग जनरल सर्जरीत एमएस, तीन वर्षं. मग नीट एसएस नावाची देशपातळीवरची परीक्षा आणि त्यातून मिळाली जागा तर एमसीएच प्लास्टिक सर्जरी, आणखी तीन वर्षं. बारावीनंतरची ही नुसती शिकण्याची साडेअकरा वर्षं. मधली परीक्षांची तयारी आणि बंधपत्राची सरकारी सेवा वेगळी. याला समकक्ष डीआरएनबी अशीही पदवी असते, तिच्यात एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचाही मार्ग आहे. पाटीवर एमसीएच किंवा डीआरएनबी आणि पुढे प्लास्टिक सर्जरी, हे शब्द शोधायचे. (ओठ-टाळूचं काम त्यात तयार झालेले तोंड-जबड्याचे दंतशल्यविशारदही करतात, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.)

एमसीएचच्या तीन वर्षांत भाजलेल्यांचा वॉर्ड, अपघातात फुटलेले चेहरे, हाताच्या जखमा, कॅन्सरनंतरची पुनर्बांधणी, ओठ-टाळू, सगळीकडे फिरावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक धाग्याने रक्तवाहिनी शिवायला आधी प्रयोगशाळेत महिनोन्महिने हात बसवतात. नाक सुबक करणं, चरबी काढणं, केसांचं रोपण हे सौंदर्याचं कामही याच शिक्षणाचा भाग आहे. पुढे कुणी त्यातच राहतो, कुणी हाताच्या शस्त्रक्रियेत, कुणी ओठ-टाळूत आणखी एक-दोन वर्षांची फेलोशिप करतो. मी विचारलं, सौंदर्याच्या कामात पैसा जास्त, मग इकडे कोण राहणार? ते म्हणाले, "ताई, नाक सुंदर करायला जो हात लागता ना, तोच हिच्या ओठाक लागतलो. ओठ जुळलो पण वाकडो दिसलो तर पोरगी शाळेत जातली कशी?" मला हे पटलं. दुरुस्ती आणि सौंदर्य ही दोन वेगळी दुकानं नाहीत, आणि आपल्या मुलीचा ओठ नुसता बंद व्हावा एवढंच मागून थांबू नये, तो नीट दिसावा हेही मागावं.

त्यांनीच मला पुण्याच्या कावसजी गाडीवानाची हकीकत सांगितली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं, आणि पुण्यात एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. १७९४ मध्ये ही हकीकत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह छापून आली आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तिथे पहिल्यांदा तसं नाक केलं. सुश्रुताच्या ग्रंथात नाक-कानाची दुरुस्ती आहे, हे मी ऐकून होते. पुण्याच्या गाडीवानाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि डॉ. नोशिर अँटियांचं नावही मला त्याच रात्री कळलं. जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी उभी करणारा, कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे दुरुस्त करणारा हा माणूस पुढे रायगडात मांडव्याला आला आणि गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवत राहिला. आपल्या किनाऱ्याशी नातं असलेला एवढा मोठा सर्जन, आणि त्याचं नाव इकडे फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

१८ जुलैला पहाटे चारला शेवटचं अंगावरचं दूध. आईचं दूध भुलेच्या चार तास आधीपर्यंत चालतं, वरचं दूध असेल तर सहा तास. साडेआठला तिला आत नेलं. दोन तास गेले. बाहेर आली तेव्हा नाकपुडीला आतून नळी, ओठावर बारीक टाके आणि कडेला जांभळ्या शाईचे ते ठिपके, कागदावर काढले होते त्याच जागी. तिचा चेहरा एकदम परका वाटला मला. मी सहा महिने जो चेहरा बघून जीव लावला होता तो आता नव्हता, आणि याचं वाईट वाटतंय हे कुणाला सांगावं कळेना. शेजारच्या खाटेवरच्या आईने सांगितलं, तिलाही तसंच झालं होतं. तुम्हाला झालं तर घाबरू नका, दोन दिवसांत जातं.

कोपर वाकू नये म्हणून दोन्ही हातांना पट्ट्या बांधतात, जवळपास तीन आठवडे. बाळ चिडतं, पण बोट ओठाला लागलं तर टाके उसवतात. दूध चमच्याने, नंतर पाण्याचा घोट, टाके सलाईनच्या पाण्याने कापसाने हलके पुसून मलम. आठवड्याभराने टाके काढले, तोवर लालबागलाच राहिलो. व्रण दोन-तीन महिने लाल आणि कडक होतो, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. आम्हाला वाटलं बिघडलं. तसं नसतं, रोज मालिश करत राहिलं की वर्षभरात तो मऊ पडतो. उन्हापासून मात्र जपायचं.

टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात, बोलणं सुरू व्हायच्या सुमाराला. फार उशीर केला तर मूल चुकीच्या जागेवरून आवाज काढायला शिकतं आणि ती सवय सुटता सुटत नाही. चिऊची तारीख फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळाली, तेव्हा ती तेरा महिन्यांची होती. हिच्यातही खरं काम स्नायूंचं. टाळूच्या मागचे स्नायू उलट्या दिशेला चिकटलेले असतात, ते सोडवून आडवे जोडावे लागतात, म्हणजे बोलताना नाकाकडची वाट बंद होते. ही पहिलीपेक्षा जड गेली. पहिल्या रात्री तोंडातून रक्तमिश्रित लाळ येत होती, जीभ मागे पडून श्वास अडू नये म्हणून जिभेला एक टाका घालून दोरा गालावर चिकटवला होता. आम्हाला आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. तुम्ही आधीच विचारून ठेवा. तीन आठवडे पातळ अन्न: पेज, वरणाचं पाणी, गाळलेली खिमट. चमचा तोंडात आत घालायचा नाही, ओठावर टेकवून ओतायचं. शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा हातांच्या पट्ट्या नुकत्याच सुटल्या होत्या.

दोन्ही वेळचा मिळून आमच्या खिशातून गेलेला खर्च ३५ हजारांच्या आसपास. शस्त्रक्रिया, भूल, खाट मोफत. प्रवास, बाहेरून केलेल्या काही तपासण्या, औषधं आणि मुंबईतलं खाणं यातच सगळं गेलं. माझी पतसंस्थेतली बिनपगारी रजा यात धरलेली नाही.

टाळू बंद व्हायच्या आधी चिऊ 'बाबा' म्हणायला गेली की 'मामा' ऐकू यायचं. ब ला तोंडात हवा कोंडावी लागते, ती नाकातून निसटायची आणि ब चा म व्हायचा. शस्त्रक्रियेनंतर आपोआप लगेच बदललं नाही. वाचाउपचार सुरू केले, चिपळूणला आठवड्यातून एकदा, एका वेळचे ३०० रुपये. घरी करायचं सोपं आहे: नाक हलकं दाबून धरायचं आणि 'पा पा', 'बा बा' म्हणायला लावायचं, मेणबत्ती फुंकायला लावण्यापेक्षा शब्द म्हणून घेण्याचाच उपयोग जास्त, असं आमच्या बाईंचं ठाम मत आहे. ऑगस्टमध्ये बाबा स्पष्ट आला. क अजून घशातून येतो, त्यावर काम चालू आहे.

कानांकडे दुर्लक्ष करू नका. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि कमी ऐकू येतं, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी लिहून दिली आहे. दात यायला लागल्यावर दंतवैद्य. पाचव्या वर्षाच्या सुमाराला बोलण्याची पुन्हा नीट तपासणी होईल, नाकातून हवा जात राहिली तर आणखी एक छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. आठ-नऊ वर्षांची झाली की हिरडीतल्या फटीत कमरेच्या हाडाचा थोडा भाग भरतात, म्हणजे तिथला सुळा खाली यायला हाड मिळतं. नाकाची शेवटची दुरुस्ती वाढ पूर्ण झाल्यावर. हे सगळं पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर छातीत धडकी भरली असती. आता एकेक तारीख फाईलवर लिहून ठेवली आहे. पुढची तपासणी जानेवारीत आहे, आणि आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं तेव्हा त्यांनाही फाईल दाखवतो, म्हणजे रत्नागिरीची चिठ्ठी पुन्हा लागली तर ऐनवेळी धावपळ होत नाही.